चौसष्ट तुकड्यांचं चित्र

चित्र ४,२८८ ठिपके रुंद आणि २,८४८ ठिपके उंच आहे. काळ्या पार्श्वभूमीवर नारिंगी-लाल गोल. एका बाजूला हळदीच्या बोटासारखी पिवळट तबकडी, तिच्यातून फुटून चहूकडे पसरलेल्या रक्तवाहिन्या आणि मधोमध जराशी काळवंडलेली जागा. हा डोळ्याच्या आतला मागचा पडदा, दृष्टिपटल. नांदेडच्या एका नेत्रचिकित्सालयात डोळ्यात औषधाचा थेंब टाकून, बाहुली मोठी झाल्यावर कोवा कंपनीच्या कॅमेऱ्याने तो टिपलेला आहे.

गुणाकार केला तर ठिपके होतात १,२२,१२,२२४. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांचा एकेक बाइट. म्हणजे एका डोळ्याच्या एका फोटोचे तीन कोटी सहासष्ट लाख बाइट. अशी ५१६ चित्रं विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१८ साली जगभरच्या संशोधकांपुढे ठेवली. मधुमेहामुळे दृष्टी जाण्याआधी ते यंत्राला ओळखता येईल का, हा प्रश्न त्यामागे होता.

या चित्रांची गोष्ट सांगायला तीस वर्षं मागे, पुण्याला जावं लागतं. एवढं मोठं चित्र एका प्रोसेसरने पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत वाचत बसायचं नसतं, ते वाटून घ्यायचं असतं. ही वाटून घेण्याची विद्या महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा कमावली गेली ती गणेशखिंडीत.

१९८० च्या दशकात महासंगणक म्हणजे अमेरिकन कंपनीचा क्रे, असंच समीकरण होतं. हवामानाच्या अंदाजासाठी आणि विज्ञानाच्या मोठ्या गणितांसाठी भारताला अमेरिकेकडून तसं यंत्र हवं होतं. तीच गणितं अण्वस्त्रांना आणि क्षेपणास्त्रांनाही लागतात, या धास्तीने अमेरिकेने हवा तो क्रे दिला नाही. बऱ्याच घासाघिशीनंतर क्रे एक्स-एमपीचा कमी ताकदीचा नमुना, तोही केवळ हवामानाच्या कामासाठी आणि देखरेखीच्या अटी घालून, दिल्लीला आला. दरम्यान मार्च १९८८ मध्ये पुण्यात, गणेशखिंडीला, सी-डॅक, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र, उभं राहिलं. प्रमुख होते अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर. हाताशी साधारण ३० कोटी रुपये, मुदत तीन वर्षं.

या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय मात्र पैशाचा किंवा मुदतीचा नाही. क्रेसारखा एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर घडवायचा नाही, बाजारात उघडपणे मिळणारे छोटे प्रोसेसर शेकड्याने जोडायचे आणि काम त्यांच्यात वाटायचं, असं ठरलं. ही कल्पना एकट्या पुण्याची नव्हती. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८६ सालीच फ्लोसॉल्व्हर नावाचं समांतर यंत्र चालू झालं होतं. पुण्याने मात्र हे काम विकता येईल अशा यंत्रापर्यंत नेलं.

निवडलेला प्रोसेसर होता ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर. तो महासंगणकासाठी जन्मलेलाच नव्हता. एखाद्या यंत्राच्या पोटात बसून मुकाट्याने काम करणारी चिप, आज ज्याला एम्बेडेड म्हणतात त्या जातीची. १९८७ च्या टी-८०० मध्ये गणिताचा विभाग होता, चिपवरच ४ किलोबाइट स्मृती होती आणि बाहेर जायला चार वाटा होत्या. इनमॉस या वाटांना लिंक म्हणे. एका चिपची लिंक दुसरीच्या लिंकला जोडायची, की दोघी बोलू लागल्या. चार दिशांना चार शेजारी: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. चिपांची अशी जाळी मांडली की ती शेताच्या नकाशासारखी दिसते आणि चित्रासारखीही. क्रे अडवता आला, कारण तो एक होता आणि डोळ्यांत भरणारा होता. नियंत्रकांत बसणारी चिप अडवायची कशी?

१९९१ मध्ये परम ८००० लोकांपुढे आला. ६४ नोडचं, म्हणजे ६४ जोडलेल्या प्रोसेसरांचं यंत्र, २५६ पर्यंत वाढवता येईल अशी रचना. मॉस्कोच्या एका संस्थेतही तो बसवला गेला. या विजयाच्या बातम्या तेव्हाच्या पेपरांत भरभरून आल्या आणि त्या यायलाच हव्या होत्या. पण यंत्र जोडून झाल्यावर खरं काम सुरू झालं. जे प्रोग्रॅम आजवर एका प्रोसेसरवर, एका ओळीत, एकापाठोपाठ एक चालत आले होते, ते चौसष्टांत वाटायचे कसे?

मराठवाड्यात हे समजायला पुस्तक लागत नाही. एकाच्या शेतात गावातल्या सगळ्या बैलजोड्या एका दिवशी उतरतात तेव्हा त्याला इर्जिक म्हणतात. पंधरवड्याची नांगरट दिवसात होते, संध्याकाळी मालकाच्या घरी जेवण. खुरपणीला बाया ओळीने बसतात आणि प्रत्येकीची पात ठरलेली असते. एखादीची पात मागे पडली तर पुढे गेलेली बाई वळून तिच्या पातीत हात घालते, कारण सगळ्या बांधाला पोचल्याशिवाय पुढचं वावर धरता येत नाही. समांतर संगणनातले दोन मोठे प्रश्न इथेच आले. वाटणी समान कशी करायची? आणि मागे पडलेल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला तर काय करायचं?

तिसरा प्रश्न मात्र शेतात फारसा जाणवत नाही. पात बांधापर्यंत सरळ जाते, दोन पातींच्या मधल्या रेघेवर दोघींपैकी कोणीही गवत उपटलं तरी भागतं. चित्रात तसं भागत नाही.

एक प्रयोग मनात करून पाहू. नांदेडचं ते चित्र ६४ ट्रान्सप्युटरांना वाटायचं आहे. आडवे आठ आणि उभे आठ असे तुकडे केले तर ४,२८८ ला आठाने भाग जाऊन ५३६ येतात, २,८४८ ला आठाने भागून ३५६. बाकी काहीच उरत नाही. प्रत्येक चिपच्या वाट्याला १,९०,८१६ ठिपके. (याच कॅमेऱ्याच्या फोटोचं जेपेग करताना संगणक आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो, ते चौकोनही बरोबर १,९०,८१६ भरतात. आकड्यांचं हे जुळणं मला फार आवडतं.)

पहिली अडचण म्हणजे वाटप. टी-८०० च्या लिंकचा वेग सेकंदाला दोन कोटी बिट. एका लिंकमधून हे सगळं चित्र आत ढकलायचं तर एकही बिट वाया न जाता सुमारे १५ सेकंद लागतील. तोवर त्रेसष्ट चिपा नुसत्या वाट बघत बसणार. गणित सुरू होण्याआधीच पंधरा सेकंद गेले. समांतर यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा धडा पहिल्याच आठवड्यात मिळतो: हिशोब स्वस्त, वाहतूक महाग.

दुसरी अडचण कडेची. चित्रातला गोंगाट पुसायला किंवा रक्तवाहिनीची कडा शोधायला प्रत्येक ठिपक्याची नवी किंमत त्याच्या आठ शेजाऱ्यांवरून काढतात. तुकड्याच्या आतल्या ठिपक्यांना शेजारी घरातच मिळतात. कडेवरच्या ठिपक्याचा शेजारी मात्र पलीकडच्या चिपच्या स्मृतीत बसलेला असतो. म्हणून प्रत्येक चिपने आपल्या कडेची ओळ शेजाऱ्याला द्यायची, त्याची आपल्याकडे घ्यायची, आणि मग हिशोब करायचा.

ट्रान्सप्युटरसाठी ऑकम नावाची भाषा होती. टोनी होअर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर ती उभी होती आणि इनमॉसच्या डेव्हिड मे यांनी ती घडवली. तिच्यात कामं एकापाठोपाठ करायची तर ‘सेक’ लिहायचं, एकाच वेळी करायची तर ‘पार’. माहिती द्यायला उद्गारचिन्ह, घ्यायला प्रश्नचिन्ह. देणारा आणि घेणारा दोघंही तयार झाले की देवाणघेवाण होते. एक जण तयार नसेल तर दुसरा थांबतो.

या थांबण्यातच सापळा आहे. ‘आधी माझी ओळ शेजाऱ्याला देतो, मग त्याची घेतो,’ असा सरळ विचार करून तोच प्रोग्रॅम चौसष्ट चिपांवर चढवला, की सगळ्या चिपा ओळ पुढे धरून उभ्या राहतात. घ्यायला मोकळं कोणीच नाही. प्रोग्रॅम पडत नाही, तक्रार करत नाही, चूक दाखवत नाही. नुसता स्तब्ध होतो. प्रोग्रॅमिंगमधल्या सगळ्या चुकांत ही सर्वांत क्रूर चूक असं माझं मत आहे, कारण प्रत्येक चिपचा प्रोग्रॅम वेगळा काढून वाचला तर त्यात काहीच वावगं सापडत नाही. दोष असतो तो दोघांच्या मधल्या जागेत. उपाय दोन. एक जुना: विषम क्रमांकाच्या चिपांनी आधी द्यायचं, सम क्रमांकाच्यांनी आधी घ्यायचं. दुसरा ऑकमला शोभणारा: देणं आणि घेणं दोन्ही ‘पार’खाली लिहायची, म्हणजे जे आधी जमेल ते आधी होईल. दोन ओळींचा फरक, पण तो कळेपर्यंत रात्री जातात.

ट्रान्सप्युटर पुढे फार टिकला नाही. १९८९ मध्ये इनमॉस एसजीएस-थॉमसनकडे गेली, त्यानंतरच्या टी-९००० ला उशीर होत राहिला, आणि पुण्यातही परम ८६०० मध्ये इंटेलचा आय-८६० आला. तरी त्या चिपचं पुढे काय झालं हे फार थोड्यांना माहीत असतं. तिचा वंश एसटी-२० नावाने जगला आणि डिजिटल टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्समध्ये जाऊन बसला. ज्या कुळातल्या चिपा ओळीने मांडून पुण्याने महासंगणक केला, त्याच कुळातली एकटी चिप लोकांच्या टीव्हीखालच्या डब्यात चित्र आणि आवाज यांची व्यवस्था पाहू लागली. आकाशातून येणारा एकच प्रवाह, त्यातून चित्र वेगळं काढायचं, आवाज वेगळा काढायचा, दोघांचा मेळ चुकू द्यायचा नाही, शिवाय रिमोटकडेही लक्ष ठेवायचं. एकाच वेळी अनेक कामं, एकमेकांना निरोप देत. ऑकम याचसाठी तर होती.

नंतरचा टप्पा लवकर आटोपतो. व्हिडिओ गेमच्या चित्रांसाठी बनलेल्या जीपीयूमध्ये अनेक छोटे प्रोसेसर होतेच. २००७ मध्ये एनव्हिडियाने या जीपीयूंसाठी कुडा हे प्रोग्रॅमिंगचं साधन बाहेर आणलं आणि त्यांच्याकडून वाटेल ते गणित करून घेणं सोपं झालं. इथे प्रोग्रॅमचे ३२ धागे एका तुकडीत चालतात आणि पावलाला पाऊल लावून चालतात. त्यातल्या एकाने वेगळी वाट धरली की बाकीच्यांना थांबावं लागतं. खुरपणीच्या बायांना हे वेगळं सांगायची गरज पडली नसती. २०१२ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी चित्रं ओळखणारं अ‍ॅलेक्सनेट हे न्यूरल जाळं दोन जीपीयूंवर वाटून चालवलं, कारण एकाच्या ३ गिगाबाइट स्मृतीत ते मावत नव्हतं. आणि २०१५ मध्ये जर्मनीच्या फ्रायबुर्गमधून यू-नेट आलं. वैद्यकीय चित्रांत आजारी भाग रेखून काढणारं हे जाळं आजही सगळीकडे वापरलं जातं. मोठं चित्र स्मृतीत मावत नाही म्हणून त्याचे तुकडे करायचे, आणि सांध्यावर चूक होऊ नये म्हणून शेजारच्या तुकड्याची कड थोडी आत घ्यायची, ही युक्ती त्यात आहे. टी-८०० च्या चिपा एकमेकींना जी ओळ देत होत्या, तीच ही ओळ. पंचवीस-तीस वर्षं गेली, यंत्रं बदलली, सांधा तिथेच राहिला.

आता विष्णुपुरी. नांदेड शहरातून गोदावरी ओलांडून लातूरच्या रस्त्याला लागलं की हा परिसर येतो. नदीवर धरण, शंकर सागर जलाशय. १९८१ साली सुरू झालेली ही अभियांत्रिकी संस्था, १९९४ मध्ये स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिन्ही याच पट्ट्यात. अभियंते आणि नेत्रचिकित्सक एकाच रस्त्यावर असणं ही मोठी सोय आहे. पुढे जे घडलं त्यात तिचा वाटा होता, असं मी मानतो.

संस्थेतल्या सिग्नल आणि इमेज प्रोसेसिंग केंद्रात डॉ. मनेश कोकरे आणि प्रसन्ना पोरवाल प्रभृती संशोधक दृष्टिपटलाच्या चित्रांवर काम करत होते. जगभरातल्या त्या वेळच्या प्रसिद्ध चित्रसंग्रहांत भारतीय डोळ्यांचं प्रतिनिधित्व करणारा संग्रह नव्हता. मधुमेह आपल्याकडे घरोघरी, आणि यंत्र शिकणार परक्या डोळ्यांवर. म्हणून नांदेडच्या रुग्णांच्या हजारो फोटोंतून ५१६ निवडले गेले. त्यातले ४१३ यंत्राला शिकवायला, १०३ त्याची परीक्षा घ्यायला. मधुमेहाचा पडद्यावरचा परिणाम किती वाढला आहे, याची शून्य ते चार अशी श्रेणी प्रत्येकाला दिली गेली.

मधुमेहाची पहिली खूण म्हणजे बारीक रक्तवाहिनीला आलेला सूक्ष्म फुगवटा. चित्रात तो लाल टिंबासारखा दिसतो, साधारण दहा-वीस ठिपके रुंद. सवा कोटी ठिपक्यांत एवढासा. वेळ वाचवायला चित्र आठपट लहान केलं, की टिंब एक-दोन ठिपक्यांचं उरतं आणि गोंगाटात हरवतं. आणि आठपट लहान केलेलं चित्र भरतं ५३६ बाय ३५६, म्हणजे मघाच्या चौसष्टांपैकी बरोबर एका तुकड्याएवढं. लहान केलं तर रोग दिसत नाही, मोठं ठेवलं तर यंत्रात मावत नाही. म्हणून कापायचंच. आणि कापताना नेमका एखादा फुगवटा सांध्यावर आला, तर अर्धं टिंब या तुकड्यात, अर्धं त्या तुकड्यात, आणि दोन्हीकडून ‘काही नाही’ असं उत्तर यायचा धोका. एखाद्या माणसाच्या बाबतीत ते टिंब हीच एकमेव खूण असू शकते.

एप्रिल २०१८ मध्ये वॉशिंग्टनला आयएसबीआय ही वैद्यकीय चित्रांवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे या चित्रांवर खुली स्पर्धा झाली. काम तीन प्रकारचं: रोगाच्या खुणा रेखणं, श्रेणी ठरवणं आणि पडद्यावरची तबकडी व दृष्टीचा मध्यबिंदू नेमका सांगणं. वेगवेगळ्या देशांतल्या चमूंनी आपापल्या जीपीयूंवर नांदेडच्या डोळ्यांचे तुकडे वाटून घेतले. गणेशखिंडीत १९९१ साली जे करायला महासंगणक लागत होता, ते काम आता विद्यार्थ्यांच्या टेबलावरच्या यंत्रात होत होतं. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, १२८ कोर असलेलं जेटसन नॅनो नावाचं तळहाताएवढं यंत्र बाजारात आलं. कॅमेऱ्याच्याच डब्यात असं यंत्र बसवलं तर फोटो काढल्यावर तो कुठेही न पाठवता जागेवरच तपासता येईल. नेत्रतज्ज्ञ नसलेल्या तालुक्याच्या गावाला याची किती गरज आहे, ते नायगावच्या किंवा निलंग्याच्या माणसाला विचारावं. एका तपासणीसाठी त्याचा मजुरीचा अख्खा दिवस प्रवासात जातो.

पण या ५१६ चित्रांत एक छोटा आकडा आहे, आणि माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जातं. ठिपक्या-ठिपक्याला खूण करून रोग रेखलेली चित्रं फक्त ८१ आहेत. ५४ शिकवायला, २७ परीक्षेला. बाकीच्या चित्रांना श्रेणी आहे, रेखाटन नाही.

१९६७ मध्ये जीन अ‍ॅमडाल यांनी एक साधा हिशोब मांडला होता. कामाचा जो भाग वाटताच येत नाही, तो शेवटी सगळ्याचा वेग ठरवतो. शंभरातले पाच भाग वाटता येत नसतील तर ६४ प्रोसेसर लावूनही काम ६४ पट वेगाने होत नाही, जेमतेम १५ पट वेगाने होतं. पुण्यातल्या अभियंत्यांना हे पाठ होतं, जीपीयूवाल्यांनाही पाठ असतं, आणि दोघंही तो न वाटता येणारा भाग प्रोग्रॅममध्ये शोधतात. विष्णुपुरीत तो प्रोग्रॅमच्या बाहेर होता. सवा कोटी ठिपक्यांचं चित्र संगणकाच्या पडद्यावर मोठं करून कोपऱ्या-कोपऱ्यातून फिरायचं, हे टिंब फुगवट्याचं की रक्तस्रावाचं की नुसती सावली, हे ठरवायचं, कडेकडेने रेघ ओढायची, शंका आली तर अनुभवी डोळ्याला दाखवायचं. हे काम चौसष्टांना वाटता येत नाही, कारण चौसष्ट जणांना ती नजर नसते. यंत्र ज्या खुणांवरून शिकणार, त्या आधी कोणीतरी बघितलेल्या असाव्या लागतात.

त्यानंतर २०२१ मध्ये याच गटाने दुसरा संग्रह काढला. या वेळी केवळ मधुमेह नव्हता, दृष्टिपटलाच्या ४६ अवस्था त्यात होत्या. चित्रं ३,२०० आणि कॅमेरे तीन. पुन्हा आयएसबीआयमध्येच स्पर्धा झाली, ती महामारीमुळे ऑनलाइनच. त्या ३,२०० चित्रांपैकी प्रत्येकात काय आहे, यावर एकमत होईपर्यंत चर्चा करून निर्णय देणारे अनुभवी दृष्टिपटलतज्ज्ञ होते दोन.